अर्ज भरायचाय आणि खातं लॉक झालंय: कोणत्या क्रमाने काय करायचं

पासवर्ड चुकल्याचा संदेश दुसऱ्यांदा दिसला की हात थांबवा. बहुतेक नोकरी पोर्टलं ठरावीक चुकांनंतर खातं तात्पुरतं बंद करतात. ही मर्यादा कुठे ३ असते, कुठे ५, कुठे १०. पुष्कळ ठिकाणी लॉक चालू असताना केलेल्या प्रत्येक नव्या प्रयत्नाने प्रतीक्षेचा वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो, त्यामुळे अर्ध्या तासात आपोआप उघडलं असतं ते खातं रात्रभर बंदच राहतं. शिवाय लॉकच्या काळात बरोबर पासवर्ड टाकला तरी काही पोर्टलं ‘चुकीचा’ असंच सांगतात. मग माणूस खरा पासवर्ड बाद समजून भलतेच पासवर्ड आठवत बसतो.

संदेशाचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा. पुढे मदत मागताना तोच लागतो.

आधी अडलंय कुठे ते ओळखा

अडचण तीनपैकी एका ठिकाणी असते: पोर्टलच्या खात्यात, ज्या ईमेलवर ते खातं उभं आहे त्या ईमेलमध्ये, किंवा कोड येणाऱ्या फोनमध्ये. ईमेल हातात नसेल तर पोर्टलवर कितीही डोकं फोडून उपयोग नाही, कारण पासवर्ड बदलण्याची लिंक तिथेच जाणार. म्हणून क्रम नेहमी हाच: फोन, मग ईमेल, मग पोर्टल.

ईमेल उघडतोय पण पोर्टल आत घेत नाही, अशी स्थिती असेल तर पहिली शंका पासवर्डवर नको, ईमेल पत्त्यावर घ्या. पासवर्ड बदलण्याची लिंक मागितल्यावर दिसणारं ‘हा ईमेल आमच्याकडे नोंदलेला असेल तर लिंक पाठवली आहे’ हे वाक्य नीट वाचा. लिंक पाठवली, असं ते म्हणतच नाही. कोणाचं खातं कुठे आहे हे बाहेरच्याला कळू नये म्हणून वाक्य मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. पंधरा मिनिटांत मेल आला नाही आणि स्पॅममध्येही नसेल, तर बहुधा त्या पत्त्यावर खातंच नाही. मग हे तपासा:

- खातं उघडताना ‘गूगलने साइन इन’ किंवा ‘लिंक्डइनने साइन इन’ दाबलं होतं का? अशा खात्याला पुष्कळदा स्वतंत्र पासवर्डच नसतो. तेच बटण पुन्हा दाबा.
- ॲपलने साइन इन करताना ‘माझा ईमेल लपवा’ निवडलं असेल तर पोर्टलकडे तुमचा पत्ता नाही, ॲपलने बनवलेला एक आडवातिडवा पत्ता आहे. आयफोनच्या सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर टिचकी मारली की ‘साइन इन विथ ॲपल’ खाली तो सापडतो.
- जीमेल पत्त्यातले टिंब मोजत नाही, त्यामुळे टिंबासह आणि टिंबाशिवाय लिहिलेल्या पत्त्यांवरचे मेल एकाच पेटीत पडतात. पोर्टलच्या लेखी मात्र ते दोन वेगळे उमेदवार असू शकतात.
- जुन्या ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ईमेलने नोंदणी झाली होती का?

सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे स्वतःच्या सगळ्या मेलपेट्यांमध्ये त्या कंपनीचं नाव शोधणं. नोंदणीचा किंवा ‘अर्ज मिळाला’ असा जुना मेल सापडला की तो कोणत्या पत्त्यावर आला होता ते अक्षर न् अक्षर बघा.

वर्कडेवर (अनेक कंपन्या भरतीसाठी वापरतात त्या सॉफ्टवेअरवर) चालणाऱ्या पोर्टलांबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पान सगळीकडे सारखंच दिसतं, पण प्रत्येक कंपनीचं वर्कडे वेगळं आणि तिथलं तुमचं खातंही वेगळं. एका कंपनीत चालणारा पासवर्ड दुसरीकडे चालणार नाही आणि एकीकडे बदलला तरी दुसरीकडे बदलणार नाही. वेबपत्त्याच्या सुरुवातीला कंपनीचं नाव असतं, ते बघूनच पासवर्ड बदलायला घ्या. नव्या खात्याला ईमेल पडताळणीची लिंकही येते. ती दाबलेली नसेल तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. आणि याबाबत वर्कडे कंपनीला लिहून फायदा नाही, उमेदवारांना ती त्या त्या नोकरदात्याकडेच पाठवते.

पासवर्ड बदलताना काय बिघडतं

लिंक एकदाच मागा आणि थांबा. घाईघाईत चारदा मागितली तर चार मेल येतात आणि सहसा फक्त शेवटच्यातली लिंक चालते. आधीच्या तिन्ही बाद झालेल्या असतात. मेल मागेपुढे पोचले तर कोणता शेवटचा हेही समजत नाही, म्हणून वेळ बघून सर्वांत नवा उघडा.

लिंक पहिल्यांदाच दाबली तरी ‘मुदत संपली’ असं येत असेल, तर ऑफिसच्या मेलवरची सुरक्षा तपासणी हे एक कारण असू शकतं. ती प्रणाली धोका शोधण्यासाठी लिंक तुमच्याआधी उघडते आणि एकदाच चालणारी लिंक तिथेच खर्ची पडते. असं दोनदा घडलं तर लिंक पुन्हा मागण्यात अर्थ नाही. नोंदलेला ईमेल बदलून द्या, अशी विनंती करावी लागेल.

नवा पासवर्ड ठेवला आणि तोही चालेना? मग दोषी बहुधा ब्राउझर. त्याने जपून ठेवलेला जुना पासवर्ड तो प्रत्येक वेळी गुपचूप भरतो आणि तुमच्या नावावर चुका जमा होतात. जपलेली नोंद काढून टाका, खासगी विंडो उघडा, पासवर्ड हाताने टाइप करा आणि डोळ्याच्या खुणेवर दाबून अक्षरं डोळ्यांनी बघा. फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर मोठ्या लिपीत करतो, कॉपी-पेस्ट करताना शेवटी एक रिकामी जागा चिकटते, किंवा कीबोर्ड देवनागरीवरच राहिलेला असतो. काही जुन्या पोर्टलांवर लांबलचक पासवर्ड नोंदवताना स्वीकारला जातो, पण लॉगिनच्या चौकटीत तो कापला जातो. अशी शंका आली तर १२ ते १६ अक्षरांचा ठेवा. व्हीपीएन (इंटरनेटवर तुमचं ठिकाण वेगळं दाखवू शकणारी सेवा) चालू असेल तर बंद करा. अचानक दुसऱ्या देशातून आलेलं लॉगिन संशयास्पद ठरतं.

पासवर्ड बदलला म्हणजे लॉक सुटलाच असं नाही. काही ठिकाणी ठरलेला वेळ भरावाच लागतो.

कोडची अडचण

एसएमएसचा कोड उशिरा येतो आणि तोवर दुसरा मागितला असेल तर पहिला मेलेला असतो. इथेही नियम तोच: एकदा मागा, थांबा. ऑथेंटिकेटर ॲपचा (लॉगिनचे कोड फोनवरच तयार करणाऱ्या ॲपचा) ६ आकडी कोड सहसा दर ३० सेकंदांनी बदलतो आणि तो फोनच्या घड्याळावरून तयार होतो. घड्याळ पुढेमागे असेल तर प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. फोनमध्ये तारीख आणि वेळ ‘आपोआप’वर ठेवा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं. फोन बदलला असेल तर जुना फोन विकण्याआधी किंवा पुसण्याआधी त्यातलं ॲप उघडून बघा. गूगलचे बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना वापरायचे राखीव कोड) कधी काढून ठेवले असतील तर ते शोधा: एका संचात १० कोड, प्रत्येक ८ आकडी, प्रत्येक एकदाच वापरता येणारा.

ईमेलच हातातून गेला असेल तर

गूगलचं खातं परत मिळवताना तुमच्या उत्तरांइतकंच महत्त्व तुम्ही कुठून प्रयत्न करताय याला असतं. नेहमीचा फोन किंवा लॅपटॉप, नेहमीचा ब्राउझर, नेहमीचं वायफाय. सायबर कॅफेतून किंवा मित्राच्या फोनवरून केलेला प्रयत्न फसण्याची शक्यता जास्त. प्रश्न वगळू नका. आठवतो तो सर्वांत अलीकडचा जुना पासवर्ड टाका. पुनर्प्राप्तीचा फोन किंवा ईमेल कोणी नुकताच बदलला असेल तर आधीच्या क्रमांकावर वा पत्त्यावर कोड मागवण्याची सोय ७ दिवसांपर्यंत मिळू शकते, म्हणून उशीर करू नका. गूगल फोनवरून कोणाचंही खातं उघडून देत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक, हॉटमेल खात्यांसाठी पुनर्प्राप्तीचा फॉर्म आहे आणि तो दिवसातून दोनदाच भरता येतो. दुहेरी पडताळणी चालू असेल तर हा फॉर्म उपयोगाचा नाही. सर्वांत मोठा खड्डा इथे आहे: सगळी जुनी सुरक्षा माहिती काढून नवी भरली की ३० दिवसांची प्रतीक्षा सुरू होते. जुन्या क्रमांकावर कोड येण्याची जरा जरी आशा असेल तर त्या वाटेला जाऊ नका. ऑफिसचा किंवा कॉलेजचा ईमेल असेल तर तिथल्या आयटी विभागाशिवाय कोणीही काही करू शकत नाही.

लिंक्डइन खातं मर्यादित झालं तर अनेकदा ओळखपत्र मागितलं जातं. प्रोफाइलवर टोपणनाव आणि ओळखपत्रावर पूर्ण नाव असेल तर अडतं. आपोआप अर्ज करणारी किंवा विनंत्या पाठवणारी एक्स्टेन्शनं (ब्राउझरला जोडलेली छोटी साधनं) लिंक्डइनच्या नियमांत बसत नाहीत. खातं परत मिळाल्यावर ती पहिली काढा, नाहीतर पुन्हा तिथेच याल.

तोवर अर्जाचं काय?

अर्ज पाठवून झाला असेल तर धीर धरा. लॉगिन बंद झालं म्हणून अर्ज गायब होत नाही. भरती करणाऱ्याला तो त्याच्या बाजूने दिसतच असतो आणि मुलाखतीचं बोलावणं बहुधा ईमेलवर किंवा फोनवर येतं. ईमेल शाबूत आहे तोवर पोर्टलचं लॉक ही कटकट आहे, संकट नाही.

अर्धवट राहिलेला मसुदा ही वेगळी गोष्ट. तो पाठवलेलाच नाही, त्यामुळे मुदत महत्त्वाची. मुदत कोणत्या देशाच्या वेळेनुसार आहे ते आधी बघा आणि खातं परत मिळवत असतानाच कंपनीला लिहा. मेल छोटा असू द्या:

‘पद: अमुक, जाहिरात क्रमांक: अमुक. नोंदणीचा ईमेल: अमुक. अमुक तारखेला अमुक वाजल्यापासून लॉगिन करताना सोबतच्या चित्रातला संदेश येतो. पासवर्ड बदलण्याची लिंक मागितली, मेल आला नाही; दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच. अर्जाची मुदत अमुक आहे. खातं सुरू करून मिळेल का, किंवा अर्ज दुसऱ्या मार्गाने पाठवता येईल का? रिझ्युमे जोडला आहे.’

पासवर्ड, ओटीपी, ओळखपत्राचा क्रमांक यात कधीच नको. भरती करणाऱ्याला तुमचा पासवर्ड दिसत नाही, पण काही प्रणालींमध्ये तो तुमचा नोंदलेला ईमेल बदलू शकतो किंवा अर्ज हाताने दाखल करून घेऊ शकतो. जाहिरात क्रमांक नसलेला मेल मात्र ढिगात हरवतो.

दुसरं खातं उघडावं का? मुदतीला दोन दिवसांहून जास्त वेळ असेल तर आमचं मत ‘नको’. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्या की एक अर्ज बाजूला पडण्याचा धोका असतो. शेवटचे २४ तास उरले असतील आणि उत्तर आलं नसेल तर उघडा. दुसरा ईमेल वापरा, नाव आणि फोन तेच ठेवा आणि कंपनीला एका ओळीत कळवा. सरकारी भरती आणि परीक्षांच्या पोर्टलांवर हा उपाय करू नका. एका उमेदवाराची एकच नोंदणी असा नियम तिथे असू शकतो आणि दुहेरी नोंदणीने उमेदवारीच रद्द होऊ शकते. तिथे हेल्पडेस्क हाच रस्ता.

समाजमाध्यमांवर ‘खातं लॉक झालं’ असं लिहिलंत की मिनिटाभरात ‘रिकव्हरी एक्स्पर्ट’ हजर होतील. ते सगळे फसवे आहेत असं धरून चाला. कोड मागणारा तर नक्कीच.

आत गेल्यावर

पोर्टलच्या आतली संदेशपेटी आधी उघडा. काही कंपन्या चाचणीची लिंक तिथेच ठेवतात आणि तिची मुदत चालू झालेली असते. मग नोंदलेला ईमेल कायम राहणारा, खासगी असा करून घ्या. ईमेल खात्यात दुसऱ्याचा शिरकाव झाल्याची शंका असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही: सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा आणि मेल परस्पर पुढे पाठवणारे नियम आणि फिल्टर तपासा. शिरलेला माणूस बोलावण्याचे मेल लपवणारा फिल्टर मागे ठेवून गेला, तर पासवर्ड बदलूनही ते तुम्हाला दिसणार नाहीत. तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर तिथेही बदला.

पुढच्या अर्जांसाठी एक साधी तक्ता-फाइल ठेवा: कंपनी, जाहिरात क्रमांक, पोर्टलचा पत्ता, कोणत्या ईमेलने नोंदणी, पासवर्डने की गूगलच्या बटणाने, अर्जाची तारीख. पासवर्ड त्यात नको, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड सुरक्षित जपणाऱ्या ॲपमध्ये). बॅकअप कोड कागदावर छापून ठेवा, कारण फोनमध्ये ठेवलेले कोड फोनबरोबरच जातात. लांब उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये लिहून मग फॉर्ममध्ये चिकटवा. काही वेळ हालचाल नसली की पोर्टल बाहेर काढतं आणि टाइप केलेलं जातं. आणि जाहिरातीचं पान पीडीएफ करून घ्या. मुदत संपली की ते बहुधा काढलं जातं, आणि मुलाखतीचा फोन त्यानंतर येतो.