खर्रा खाताय? आरशासमोर पाच मिनिटं तोंड असं तपासा

नागपूर-चंद्रपूरकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा हातात देतात. तोंडात टाकला की थुंकी सुटते, त्यामुळे खाणाऱ्याला आपलं तोंड चांगलं ओलं आहे असंच वाटतं. म्हणून तपासणी सकाळी, पहिल्या खर्र्याच्या आधी करायची. दात घासा, भरपूर चुळा भरा आणि उजेडात उभे राहा.

आधी जमेल तेवढा जबडा उघडा. आपलीच तीन बोटं एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तिन्ही गेली तर ठीक. दोनच जात असतील तर दातांच्या डॉक्टरकडे जायची वेळ झाली आहे. पुष्कळांना हे पाणीपुरीच्या गाडीवर कळतं, पुरी अख्खी आत जात नाही तेव्हा. सुपारीतल्या अरेकोलिन या रसायनामुळे गालाच्या अस्तराखाली तंतू साचत जातात, गाल ताठ होतो. खर्रा सोडल्यावर हे वाढणं थांबू शकतं, पण आलेला ताठरपणा सहसा पूर्ण जात नाही. ‘मी तंबाखू नाही, साधी सुपारी खातो’ ही सबब इथे चालत नाही. हा आजार मुळात सुपारीचाच.

मग खर्रा जिथे दाबून ठेवता तो गाल बोटाने ओढून बघा. अंगठा आत, बोट बाहेर धरून चाचपा. दोरीसारखे कडक पट्टे लागतात का? अस्तर फिकट पांढरं पडलंय? जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागाही बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर घरगुती लेप लावत बसू नका. साधं वरणही झोंबत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता लाळ. एक कोरडं बिस्कीट पाण्याशिवाय खा. घास घशाशी अडकत असेल तर लाळ कमी पडतेय. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन काढते. ती आटली की हिरड्यांलगत कीड लागते. त्यावर गोड गोळ्या चघळू नका, साधं पाणी घोट-घोट प्या.

शेवटी जबडा पूर्ण उघडून पट्टीने वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजा आणि तारखेसह मोबाइलमध्ये लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा तीच पट्टी. सोडायला मदत हवी असेल तर तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक आहे १८००-११२-३५६.