उथळ समुद्रातली फ्लाय फिशिंग: तयारी सांगलीतच कशी करावी

कृष्णेच्या घाटावर गळ टाकत वाढलेल्या माणसाच्या मनगटात एक हिसका बसलेला असतो. दोरीला ओढ लागली की काठी वर. उष्ण समुद्रात प्रवाळबेटांभोवती गुडघाभर पाण्याखाली वाळूचे लांबच लांब सपाट पट्टे असतात. त्यांना फ्लॅट्स म्हणतात, आणि तिथे नेमका हाच हिसका मासा घालवतो. मालदीवला माझा पहिला बोनफिश, म्हणजे या उथळ पाण्यातला चांदीसारखा चपळ मासा, असाच गेला. म्हणून दोस्तांबरोबर लक्षद्वीप, मालदीव किंवा सेशेल्सचा बेत ठरत असेल, तर निघायच्या दोन महिने आधीपासून इथेच हात बसवा.

सामान थोडकं लागतं. बोनफिशसाठी नऊ फुटी, 8 वेटची रॉड (वेट म्हणजे दोरीच्या वजनाचा क्रमांक). रीलवर मुख्य दोरीमागे किमान दीडशे मीटर बॅकिंग, म्हणजे राखीव पातळ दोरी, कारण हा मासा एका दमात शंभर मीटरसुद्धा पळतो. दोरी तरंगणारी आणि उष्ण प्रदेशासाठी बनवलेलीच घ्या. थंड पाण्यासाठीची दोरी उन्हात मऊ पडते आणि रॉडच्या कड्यांतून सरकत नाही. पुढे दहा फुटांचा, 12 ते 16 पौंडांची ओढ पेलणारा लीडर, म्हणजे दोरी आणि फ्लाय यांना जोडणारा बारीक धागा. फ्लाय म्हणजे हुकावर पिसं नि केस बांधून केलेलं नकली आमिष. क्रेझी चार्ली आणि क्लाउझर मिनो या दोन घ्याच. क्लाउझरच्या जड डोळ्यांमुळे हुकाचं टोक वर राहतं, तळाला अडकत नाही.

सरावाला गवताचं मैदान बघा. डांबरी रस्त्यावर दोरी खरवडते, आणि घाटावर मागे पायऱ्या आड येतात. पाण्यात उभं राहायची सवय करायला नदीत मात्र उतरू नका; भिलवडी–औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत. हुकाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा, तरीही डोळ्यांवर चष्मा हवाच.

फ्लायला वजन जवळपास नसतं. हवेतून जाते ती जाड दोरी, फ्लाय तिच्यामागून ओढली जाते. रॉडचं टोक खाली, दोरी ताणलेली, इथून सुरुवात. वेग वाढवत मागे न्या आणि एकदम थांबवा. दोरी मागे सरळ होईपर्यंत वाट बघा, मग पुढे. सगळ्यांचं घोडं अडतं ते या वाट बघण्यावर. एका दोस्ताला बाजूला उभं करा. दोरी सरळ झाली की त्याने फक्त ‘आता’ म्हणायचं. आधी तीस फूट जमवा. चाळीस-पन्नास फूट नेमकं जमलं की मासे मिळतात, ऐंशी फुटांचा हट्ट नको. समुद्रावर वारा असतोच, तेव्हा एखादा रविवार ढालगावच्या पवनचक्क्यांखाली घालवा.

मग परातीचा खेळ. यात दोस्तांचं खरं काम आहे. परातीला सुतळी बांधून एकाने ती गवतावरून हळूहळू ओढायची. दुसऱ्याने घड्याळाच्या भाषेत हाक द्यायची: तुमच्या नाकासमोर बारा, डावा हात नऊ. ‘दहा वाजता, चाळीस फूट, उजवीकडे चाललाय!’ तिसऱ्याने दोन झोक्यांत फ्लाय टाकायची, तीही परातीवर नव्हे, तिच्या वाटेवर पाच-सहा फूट पुढे. खऱ्या माशाच्या डोक्यावर दोरी पडली की तो गेलाच. फ्लॅटवर मासा आधी दिसतो तो बरोबरच्या माणसाला, तेव्हा ही हाक दोघांच्याही अंगवळणी पडायला हवी.

आता तो हिसका. दोस्ताला तीस फुटांवर लोकरीचं टोक चिमटीत धरायला सांगा. रॉडचं टोक खाली, सरळ त्याच्याकडे; दोरी उजव्या हाताच्या बोटाखालून डाव्या हाताने टप्प्याटप्प्याने ओढत राहा. त्याने टोक खेचलं की डाव्या हाताने लांब, ठाम ओढ द्या. रॉड उचलायची नाही. हुक चुकलाच, तरी अशा ओढीने फ्लाय माशाच्या तोंडासमोरच राहते आणि तो पुन्हा वळतो. रॉड उचलली की फ्लाय पाण्याबाहेर येते. रोज शंभर वेळा करा. हुक बसून मासा पळायला लागला, की मगच रॉड वर. पायाशी पडलेली मोकळी दोरी कुठे अडकत नाही ना, तेवढं बघा.

दिवस निवडायला पंचांग उपयोगी पडतं. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढ-उतार कमी. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला साधारण तीन वाजता. बेटांवर मात्र तिथलंच वेळापत्रक बघा. पाणी चढू लागलं की मासे खेकडे-कोलंबी खायला उथळावर येतात. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो. मासेमारीच्या परवानगीचंही तेव्हाच विचारून घ्या.

तिथे सूर्य पाठीशी ठेवा, तपकिरी पोलराइज्ड चष्मा लावा. मासा चांदीसारखा असल्याने आधी त्याची सावली दिसते. पाय उचलून टाकू नका, घासत चला. वाळूत पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) दडलेली असली तर आवाजाने निघून जाते. प्रवाळावर पाय नको, त्याचा तुकडाही आणू नका. भारतात 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. दोघांत एकच रॉड ठेवा, एक मासा झाला की हात बदला.

हुकाची उलटी अणी घरीच पकडीने दाबून ठेवा. हात ओले करून मासा पाण्यातच धरा, वाळूवर ओढू नका. आसपास शार्क असतील तर तो नीट सावरेपर्यंत सोडू नका.

रोज संध्याकाळी रीलचा ड्रॅग (दोरी सुटताना अडवणारा ब्रेक) घट्ट करून सगळं सामान गोड्या पाण्याने हलकेच धुवा, मग ड्रॅग सैल करून सावलीत वाळवा.