वादग्रस्त मत समाजमाध्यमांवर मांडण्याची भीती: तिची फोड कशी करावी

दोन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात एका रात्री पावणेबाराच्या सुमारास मी फेसबुकवर टाकण्यासाठी एक मजकूर लिहिला आणि तीन वेळा पुसला. खाली गल्लीत मिरवणुकीची स्पीकरची भिंत उभी होती, स्वयंपाकघरातील मांडणीवर स्टीलची ताटे एकमेकांवर थरथरत होती आणि हृदयशस्त्रक्रियेला जेमतेम तीन आठवडे झालेली माझी आई दोन्ही कानांवर उशी दाबून पलंगाच्या कडेला बसली होती. एवढे सगळे डोळ्यांसमोर घडत असताना चार ओळी लिहायला हात धजावत नव्हता. मंडळातील मुले ओळखीची होती, वर्गणीच्या पावतीवर माझेही नाव होते, आणि ‘हा धर्माच्या विरुद्ध बोलतो’ असे कोणी म्हटले तर काय, हा प्रश्न सारखा मनात येत होता. मजकूर मी अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी टाकला. त्या मधल्या रात्रीत आणि त्यानंतर जे शिकलो, ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

पहिले काम म्हणजे भीतीला मोघम राहू न देणे. ‘उगाच कशाला भानगड’ या वाक्यात चार वेगवेगळ्या भीती एकत्र बांधलेल्या असतात आणि गाठोडे सोडल्याशिवाय त्यांतली खरी कोणती हे कळत नाही. कागद घेऊन त्यावर ‘नेमके कोण आणि काय करील?’ एवढाच प्रश्न लिहावा. उत्तरे बहुधा अशी येतात: पोलीस गुन्हा नोंदवतील, नोकरीवर गदा येईल, नातेवाईक आणि शेजारी तुटतील, अनोळखी लोक शिवीगाळ करतील. या चारही गोष्टींवरचे उपाय निरनिराळे आहेत. कायद्याच्या भीतीवर धीराचे शब्द चालत नाहीत, तेथे माहितीच लागते. उलट, काका बोलेनासे होतील या भीतीवर कायद्याचे कलम काहीच करू शकत नाही.

कायद्याची भीती आपल्याकडे निराधार नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील एका पोस्टवरून आणि त्या पोस्टला दिलेल्या ‘लाइक’वरून अटक झाली होती, आणि त्यांच्यापैकी एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही झाली होती. पुढे तो खटला बंद झाला. त्या अटकेत वापरलेले, आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांना शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने श्रेया सिंघल खटल्यात २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्या निकालातील एक भेद प्रत्येकाने ध्यानात ठेवावा: एखाद्या विषयाची चर्चा करणे आणि एखाद्या मताचा पुरस्कार करणे, ते मत कितीही अप्रिय असले तरी, अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गाभ्यात येते, प्रश्न सुरू होतो तो चिथावणीपासून. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधांची कारणे मोजून दिलेली आहेत. सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान, गुन्ह्यास चिथावणी ही त्यांतली काही होत. ‘कोणाला तरी राग आला’ हे कारण त्या यादीत नाही.

दुसरे उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातले आहे. तेथील एका प्राध्यापकाने जम्मू-काश्मीरचा विशेष दर्जा काढून घेण्यावर टीका करणारा मजकूर व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवला आणि पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छाही दिल्या, म्हणून २०२२ मध्ये हातकणंगले पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. शब्दांचा परिणाम खंबीर आणि समंजस माणसाच्या नजरेने मोजायचा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसाच्या नजरेने नव्हे, ही कसोटी न्यायालयाने पुन्हा सांगितली. विशेष म्हणजे ती मूळ कसोटी स्वातंत्र्यापूर्वीच्या नागपूर उच्च न्यायालयाने घालून दिलेली आहे. महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्याविरुद्ध एका कवितेच्या चित्रफितीवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हाही २८ मार्च २०२५ रोजी रद्द झाला. अभिव्यक्तीशी संबंधित, तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करणेच योग्य, असे न्यायालयाने तेथे म्हटले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम १७३(३) मध्ये अशा चौकशीसाठी १४ दिवसांची मुदत दिलेली आहे.

हे सांगताना दुसरी बाजू लपवणे मला योग्य वाटत नाही. प्राध्यापकांना न्याय मिळाला, पण त्यासाठी दीड वर्षाहून अधिक काळ गेला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. म्हणून लिहिण्यापूर्वी काही सीमा नीट ओळखाव्यात. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १९६ गटागटांत वैर वाढवण्याबद्दल आहे, कलम २९९ धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल आहे आणि कलम ३५६ बदनामीबद्दल आहे. यांतून एक सोपा नियम निघतो: टीका कृतीवर, निर्णयावर आणि धोरणावर करावी, जात, धर्म किंवा भाषा यांवरून ओळखल्या जाणाऱ्या संपूर्ण समूहावर करू नये. बदनामीच्या बाबतीत ‘पण ते खरे आहे’ एवढा बचाव फौजदारी कायद्यात पुरत नाही. ते सांगणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. तेव्हा एखाद्या खासगी व्यक्तीचे नाव घेऊन आरोप करण्याआधी दहा वेळा विचार करावा. व्हॉट्सॲप गटाचे ॲडमिन असल्यामुळे वाटणारी धास्ती मात्र बरीचशी अनाठायी आहे. सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये दिला आहे.

नोकरीचा विषय थोडक्यात संपतो, कारण तेथे धाडसापेक्षा वाचन कामाला येते. राज्य शासनाच्या सेवेत असलेल्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत आणि शासनाच्या धोरणावर जाहीर टीका करण्यास त्यांत आडकाठी आहे. खासगी नोकरीत नेमणूकपत्र आणि कंपनीचे समाजमाध्यम धोरण काढून वाचावे. ‘मते वैयक्तिक आहेत’ असे प्रोफाइलवर लिहिल्याने कवच मिळत नाही. कार्यालयाचे नाव प्रोफाइलवरून काढणे आणि कामाशी संबंधित विषय वगळणे अधिक उपयोगी ठरते.

आता खऱ्या भीतीकडे येतो. माझा अनुभव असा की कागदावर चारही भीती लिहिल्यावर बहुतेकांचे बोट तिसरीवर थांबते. पोलीस ठाणे दूर असते, पण जिन्यात भेटणारे शेजारी रोजचे असतात. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक आपलेच असतात. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये या मौनाची रीत मांडली: आपले मत अल्पमतात आहे असे वाटले की एकटे पडण्याच्या भीतीने माणूस गप्प बसतो, त्याच्या गप्प बसण्याने ते मत आणखी दुर्मीळ भासते आणि पुढचा माणूसही गप्प होतो. १९५० च्या दशकात सॉलोमन ॲश यांनी केलेल्या प्रयोगांत, समोर रेषांची लांबी स्पष्ट दिसत असूनही कित्येक जण गटाच्या चुकीच्या उत्तराला होकार देत. पण खोलीत बरोबर उत्तर देणारा आणखी एक जण बसवला की हा होकार पुष्कळ कमी होई. यावरून मी एक रीत ठरवली आहे. वादाचा मजकूर जाहीर करण्यापूर्वी तो दोघांना पाठवायचा: एक आपल्या मताचा आणि एक विरुद्ध मताचा, पण आपल्याबद्दल आस्था असलेला. पहिल्यामुळे आपण एकटे नाही हे कळते. दुसरा कोणत्या शब्दावर अडखळला हे तर कळतेच, शिवाय मजकूर बाहेर पडल्यावर निदान एक विरोधक आपला हेतू जाणणारा असतो.

त्या रात्री मी पहिल्यांदा लिहिलेले वाक्य असे होते: ‘गणपतीच्या नावाखाली धिंगाणा घालणाऱ्यांना ना देव कळतो, ना माणूस, सगळी मंडळे सारखीच.’ सकाळी ते मी ढोल पथकात वाजवणाऱ्या माझ्या मावसभावाला दाखवले. तो म्हणाला, ‘दादा, सगळी मंडळे म्हणजे मीसुद्धा का?’ त्या एका प्रश्नाने मजकूर बदलला. टाकलेला मजकूर असा होता: ‘काल रात्री पावणेबारापर्यंत आमच्या गल्लीत स्पीकरची भिंत वाजत होती. माझ्या आईच्या हृदयशस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले आहेत आणि ती कानांवर उशी धरून बसली होती. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. उत्सव व्हावा, ढोल-ताशा वाजावा, मी यंदाही वर्गणी दिली आहे. पण स्पीकरची भिंत नको, असे माझे स्पष्ट मत आहे.’ मत तसूभरही सौम्य झालेले नाही, उलट ते पहिल्यापेक्षा नेमके झाले. जे स्वतः पाहिले ते, तपासता येईल असा एक आकडा, कोणत्या गोष्टीला विरोध नाही ते, आणि शेवटी ‘माझे मत’ या शब्दांसह मत, असा तो क्रम आहे. आकडा मात्र मूळ नियमातून घ्यावा. मी २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम उघडून पाहिले. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकांना असलेली बंदी वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत शिथिल करता येते, हे तेथे कळले. ते न वाचता मी ‘दहानंतर वाजवणे बेकायदाच’ असे लिहिले असते, तर सारी चर्चा माझ्या चुकीवरच फिरली असती.

रागाच्या भरात लिहिलेला मजकूर रात्रभर मसुद्यात राहू द्यावा. आपल्याला सवय नसेल तर आरंभ लहान वर्तुळातून करावा: फेसबुकवर एखादी पोस्ट केवळ मित्रांना दिसेल अशी ठेवता येते, आणि एक्सवर उत्तर कोणी द्यावे यावर मर्यादा घालता येते. घराचा पत्ता, मुलांची शाळा, गाडीचा क्रमांक दिसणारी जुनी छायाचित्रे त्याआधीच काढून टाकावीत. टोपणनाव घेण्यात कमीपणा नाही. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात समाजावर कोरडे ओढले ते टोपणनावानेच. मात्र तपासयंत्रणेसाठी टोपणनाव हा आडोसा नसतो, त्यामुळे खऱ्या नावाने लिहिता येणार नाही असा आरोप टोपणनावानेही लिहू नये.

मजकूर टाकल्यानंतरचा पहिला तास सर्वांत कठीण असतो. तेव्हा फोन दुसऱ्या खोलीत ठेवून स्वयंपाक, चालणे, काहीही हातापायांचे काम करावे. नंतर आलेल्या प्रतिक्रियांपैकी प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर द्यावे, तेही एकदा, फार तर दोनदा. शिवीगाळ करणाऱ्यांना उत्तर न देता ब्लॉक करावे. हे पळ काढणे नव्हे. बायकांच्या वाट्याला येणारी शिवीगाळ बहुधा मताबद्दल नसते, ती देहाबद्दल आणि घराबद्दल असते, आणि ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला त्यांना देताना आपण फार स्वस्तात सुटतो. धमकी, पाठलाग किंवा लैंगिक शेरेबाजी झाली की तारीख, वेळ, खात्याचे नाव आणि दुवा दिसेल असा स्क्रीनशॉट आधी घ्यावा, मगच ब्लॉक करावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५१ धमकीसाठी आणि कलम ७८ स्त्रीच्या पाठलागासाठी आहे. जिवाला धोका वाटल्यास ११२ वर फोन करावा.

घरच्यांशी मात्र पोस्टखाली वाद घालू नये. माझ्या पोस्टवर एका वडीलधाऱ्या काकांनी ‘मशिदीचे भोंगे दिसत नाहीत का?’ असे लिहिले. तेथे उत्तर देण्याऐवजी मी त्यांना फोन केला, आईची प्रकृती सांगितली आणि तोच नियम सर्वांना लागू आहे व असावा, हे माझे मतही सांगितले. त्यांना ते पटले नाही. त्यांनी आपली प्रतिक्रिया काढली नाही आणि मी माझी पोस्ट काढली नाही. पण दसऱ्याला ते सोने द्यायला आले, तेव्हा पहिल्यांदा आईच्या खोलीत गेले आणि खिडकी रस्त्याच्या बाजूला उघडते का, हे त्यांनी स्वतः उठून पाहिले.