नववीचं वक्तृत्व आणि रिकाम्या पाकिटांची पिशवी: २४ डिसेंबरची तयारी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्याच आठवड्यात नववीच्या वर्गात सांगून टाका, घरातली रिकामी पाकिटं फेकू नका. बिस्किटाचं, फरसाणाचं, साबणाचं, शाम्पूच्या पुडीचं, औषधाच्या गोळ्यांचं, जे असेल ते. दुधाची आणि तेलाची पिशवी मात्र धुऊन, वाळवून आणायची, नाहीतर दोन दिवसांत वर्गात मुंग्या होतात. कपाटाच्या कडीला एक मोठी कापडी पिशवी टांगा आणि मुलांना येता-जाता त्यात टाकू द्या. कोणी काय आणलं याची नोंद ठेवू नका, विचारूही नका. कोणाच्या घरी काय येतं आणि काय येत नाही हे वर्गासमोर उघडं पडता कामा नये. बाकी तयारीत चूकभूल झाली तर निभावतं, ही एक गोष्ट चुकली तर मूल कायमचं मिटून जातं.

२४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन. १९८६ साली याच तारखेला ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. शाळांतून त्या दिवशी वक्तृत्व स्पर्धा होते, आणि ती कशी होते हे आपण सगळे वर्षानुवर्षं बघत आलो आहोत. फळ्यावर विषय लागतो, घरी कोणीतरी भाषण लिहून देतं, मूल ते घोकतं, ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ इथवर धडाधड येतं आणि तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द निसटला की छताकडे बघत उभं राहतं. आपण म्हणतो, सभाधीटपणा नाही. मला हे पटत नाही. त्या मुलाला दुसऱ्याचं बोलायला लावलेलं असतं, म्हणून ते अडतं. त्याच मुलाच्या हातात एक पाकीट द्या आणि ‘यावर काय लिहिलंय ते मला सांग’ म्हणा, ते न थांबता पाच मिनिटं बोलतं. म्हणून विषय देण्याआधी वस्तू द्यायची. सगळी तयारी याच्याभोवती करायची आहे.

मुलांना द्यायच्या आधी घरी एक पाकीट स्वतः नीट वाचा. पहिल्यांदा अर्धा तास लागतो. निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, बनवल्याचा महिना, किती दिवसांत वापरायचं, बनवणाऱ्याचा पत्ता, तक्रारीसाठी फोन, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा) चौदा आकडी परवाना क्रमांक, हे सगळं शोधा आणि कुठे किती बारीक अक्षरात छापलंय ते बघा. घटकांच्या यादीपाशी थांबा. ती वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. जे सगळ्यात जास्त ते पहिलं. एवढा एक नियम मुलांना कळला की पाकिटाची पुढची बाजू आणि मागची बाजू यांत किती अंतर आहे ते त्यांचं त्यांना दिसतं.

आमच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला आंब्याच्या पेयाचं छोटं खोकं आलं होतं. पुढे हापूसच्या रंगाचा, रस गळणारा आंबा. मागे घटक: पाणी, मग साखर, मग आंब्याचा गर. त्याने ते दोनदा वाचलं आणि खोकं उलटसुलट करून पाहिलं. १०० मिलीलिटरमागे साखर १३ ग्रॅम लिहिली होती आणि खोकं होतं १६० मिलीलिटरचं. त्याने वहीत गुणाकार केला, २०.८ आले. चहाचा एक चमचा म्हणजे साधारण चार ग्रॅम. मी घरून साखरेचा डबा नेला होता. त्याने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक करून पाच चमचे ओतले. पाचव्या चमच्याला मागच्या बाकावरची मुलंही उभी राहून बघत होती. तो काहीच बोलला नव्हता आणि तरी त्याचं अर्धं भाषण झालं होतं. तेव्हा यादीत लिहून ठेवा: साखरेचा डबा, चमचा, जुनं वर्तमानपत्र. जमलं तर स्वयंपाकघरातला वजनकाटाही.

गणिताच्या सरांना आधी भेटून त्यांचा एक तास मागून घ्या. तेलाच्या पिशव्या त्यांच्यासाठी राखून ठेवा. एक लिटर तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, कारण तेल पाण्यापेक्षा हलकं. शेजारी ८०० ग्रॅमची पिशवी ठेवली तर दुरून दोन्ही सारख्याच दिसतात. समजा पहिली १५० रुपयांना आणि दुसरी १३८ रुपयांना. दुसरी बारा रुपयांनी स्वस्त, असं वर्ग एका सुरात म्हणतो. मग किलोचा भाव काढायला लावा. पहिली पडते सुमारे १६५ रुपये किलो, दुसरी एकशे साडेबहात्तर. आता पाकिटांवर एका ग्रॅमची किंवा एका किलोची किंमत छापावी लागते, ती शोधायला सांगा. आईला दुकानात किती घाईत हे सगळं करावं लागतं, हा विचार मुलांच्या मनात आपोआप येतो. एक मुलगी म्हणाली होती, ‘बाई, आमची आई वजन वाचतच नाही, रंगावरून पिशवी ओळखते.’ तिचं भाषण या वाक्याने सुरू झालं.

आता जरा सांभाळायची गोष्ट. ग्राहक म्हणजे आपण आणि दुकानदार म्हणजे लबाड, अशी विभागणी वर्गात होऊ देऊ नका. आपल्या वर्गात किराणा दुकानदाराचा मुलगा असतो, भाजी विकणाऱ्या मावशींची मुलगी असते. त्यांच्यासमोर शिकवतोय याचं भान पहिल्या मिनिटापासून हवं. शक्य असेल तर एखाद्या पालक-दुकानदाराला अर्ध्या तासासाठी बोलवा. माल कसा येतो, काउंटरजवळची बरणी मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर का असते, लहान पुडी गिऱ्हाईक का मागतं, उधारीवाल्याला मोठं पाकीट का परवडत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. तसंच बुटांवरून, फोनवरून, दप्तरावरून कोणाला बोलू देऊ नका. महागडे बूट घेणाऱ्यालाही लाजवायचं नाही. त्याला ते का हवेसे वाटले, हे त्याला मोकळेपणाने सांगता आलं पाहिजे. चंगळवादावर तावातावाने बोलणारी भाषणं खूप ऐकली, पण ‘मला ते बूट हवे होते, कारण गटातल्या सगळ्यांकडे होते’ असं एखादं मूल प्रामाणिकपणे म्हणतं तेव्हा वर्ग खरोखर ऐकतो.

फोनवरच्या खरेदीसाठी फोन वर्गात आणायची गरज नाही. फळ्यावर मोठा चौकोन काढा आणि मुलांना आत भरायला सांगा. ‘फक्त २ शिल्लक’, उलटा धावणारा वेळ, शेवटच्या पानावर अचानक वाढलेली रक्कम, न मागता टोपलीत आलेली वस्तू, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असं लिहिलेलं नकाराचं बटण. मुलांना हे सगळं आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते इतकंच की अशा फसव्या मांडणीला सरकारने नावं देऊन मनाई केली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे तेरा प्रकार दिले आहेत. ज्या चलाखीला आपण फसलो तिला नाव आहे, हे कळल्यावर मुलं ताठ बसतात. पैसे घेऊन एखादी वस्तू दाखवणाऱ्या व्हिडिओवाल्यांनी ती जाहिरात असल्याचं स्पष्ट सांगायचं असतं, हेही याच तासाला सांगून टाका.

कायद्याचं फार ओझं टाकू नका, पण जे सांगाल ते बरोबर असू द्या. जुन्या वह्यांमध्ये अजून १९८६ चाच कायदा असतो. आता लागू आहे तो २०१९ चा. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्यात ऑनलाइन खरेदीही येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५, तिथे मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. बिल मात्र हवं. हे सगळं वरून पडलेलं नाही हेही मुलांना कळू द्या. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली ती १९७४ साली, म्हणजे कायद्याच्या बारा वर्षं आधी. मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची घरं एकत्र येऊन महिन्याचा माल एकदम मागवतात आणि आपापसात वाटून घेतात. शाळेच्या आवारात दहा घरांची अशी यादी मुलांकडून करून घेता येते.

कायद्यातल्या सहा हक्कांपैकी एक आहे आपलं म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा हक्क. वक्तृत्वाचा तास इथूनच सुरू करा. मंचावर चढण्याआधी मुलाला एका माणसाशी बोलता आलं पाहिजे. मी आधी जोड्या पाडते. एक जण स्टॅंडवरचा दुकानदार, दुसरा गिऱ्हाईक. पाण्याच्या बाटलीवर २० रुपये छापलेत आणि दुकानदार ‘दोन रुपये थंड करण्याचे’ म्हणतो. निम्मी मुलं मुकाट्याने देऊन टाकतात, काही जण भांडायलाच उठतात. तिसरी वाट सापडायला दोन-तीन फेऱ्या लागतात: ‘काका, यावर सगळे कर धरून वीस लिहिलंय. थंड करण्याचे वेगळे घेता येत नाहीत. वीसच घ्या ना.’ आवाज चढवायचा नाही, नजर खाली घालायची नाही आणि बोट छापलेल्या आकड्यावर ठेवायचं. मंचावरही हेच करायचं असतं, फक्त समोर शंभर काका बसलेले असतात. जोडीनंतर बाकाभोवतीचा गट, गटानंतर वर्ग, वर्गानंतर सभागृह. एकही पायरी गाळू नका, वेळ कमी असेल तरीही.

भाषणाचा कागद तयार होऊ देऊ नका. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा द्या आणि त्यावर फक्त पाच शब्द लिहायला सांगा. तीन मिनिटांत, सावकाश बोललं तर, तीनशेच्या आसपास शब्द होतात. पाच मुद्दे त्याला पुरून उरतात. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य तेवढं पाठ करायला हरकत नाही. ‘अध्यक्ष महाशय’ऐवजी ‘नमस्कार’ पुरे म्हणा आणि थेट पाकीट वर धरायला लावा. हात कुठे ठेवू, हा प्रश्न त्यामुळे सुटतो. सराव व्हरांड्यात घ्या. मूल एका टोकाला, तुम्ही दुसऱ्या टोकाला. शेवटचा शब्द ऐकू आला नाही तर फक्त हात वर करा, मध्ये बोलू नका. आपल्या मुलांचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो, आणि क्रियापद तिथेच असतं.

‘न’ आणि ‘ण’ वरून भाषण चालू असताना कधीही थांबवू नका. ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलीला पाण्याच्या बाटलीबद्दल जे सांगायचंय ते महत्त्वाचं आहे. घरी ती जशी बोलते तशी बोलू द्या. प्रमाण मराठीचा तास वेगळा आहे, तो तिथे घ्या. बोली बोलणाऱ्या मुलांच्या तोंडून आठवडी बाजाराचं जे वर्णन येतं ते पाठ केलेल्या भाषेत येणं शक्य नाही. परीक्षकांना हे आधी, चहाच्या वेळी, नीट समजावून सांगा. नाहीतर त्यांचा पहिलाच शेरा उच्चारांवर येतो आणि महिन्याभराचं काम पाण्यात जातं.

जी मुलं अजिबात बोलत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी तजवीज हवी. तोतरं बोलणाऱ्या मुलाला वेळेची घंटा लावू नका. त्याला दुसऱ्या कोणी शब्द सुचवू नये, हेही वर्गाला आधी सांगा. कोणाला एकट्याने नको असेल तर दोघं मिळून बोलू देत, एकाने पाकीट दाखवावं, दुसऱ्याने वाचावं. साखरेचे चमचे ओतणं हेही काम आहे, त्यालाही गुण द्या. गुणांची विभागणी मी अशी ठेवते: स्वतः पाहिलेला पुरावा ८, क्रम ४, आवाज ४ आणि प्रश्नांना दिलेली उत्तरं ४. प्रत्येकाला श्रोत्यांतून दोन प्रश्न यायलाच हवेत. ‘माहीत नाही, बघून सांगतो’ या उत्तरालाही पूर्ण गुण, पण पुढच्या आठवड्यात बघून सांगायचं.

डिसेंबरात सभागृह स्नेहसंमेलनाच्या नाचांनी भरलेलं असतं, तेव्हा मुख्याध्यापकांकडून तारीख नोव्हेंबरातच लिहून घ्या. माईक आदल्या दिवशी तपासा आणि प्रत्येक मुलाला त्यासमोर एकदा स्वतःचं नाव घेऊ द्या. स्वतःचा मोठा झालेला आवाज पहिल्यांदा ऐकून मूल दचकतं, ते आदल्या दिवशीच दचकलेलं बरं. वीज गेली तर काय, हेही ठरवून ठेवा: खुर्च्या जवळ ओढायच्या आणि तसंच बोलायचं.

आदल्या संध्याकाळी पिशवीत हे आहे ना बघा: निवडलेली पाकिटं, बारीक अक्षरांसाठी प्रयोगशाळेतलं भिंग, कात्री, चिकटपट्टी, कोरे पुठ्ठे, साखर, पाण्याचा तांब्या, आणि एक पाकीट जास्तीचं, कारण कोणाचं तरी घरी विसरतंच. एक साधी वहीही ठेवा. त्या दिवशी कोण बोलायचं राहिलं त्यांची नावं तिच्यात लिहा. जानेवारीतला पहिला तास त्यांचा.