आधी ब्रेक, मग टायर, अलॉय सगळ्यात शेवटी

जुनी कॉन्टेसा घेतलेला पोरगा गॅरेजात आला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मामा, सतरा इंची अलॉय बसवूया की, ब्रेकचं मागनं बघू." पोरगा निपाणीचा असो, शहापूरचा असो, नाहीतर खानापूरचा. अलॉय म्हणजे मिश्रधातूची रिम. मी चहा सांगतो आणि गाडी जॅकवर घेतो.

अमेरिकेतल्या ज्या मसल कार बघून ही पोरं वेडी होतात, त्यांचीही गत वेगळी नव्हती. 1964 साली मस्टँग आली तेव्हा चारही चाकांना ड्रम ब्रेकच असायचे, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा आणि त्याला आतून दाबणारे शू. पुढं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन घेतलं तरी डिस्क (फिरत्या तबकडीला दोन्हीकडनं चिमटणारा ब्रेक) हवी असेल तर जास्तीचे पैसे मोजायला लागायचे. आपल्या पद्मिनीला आणि जुन्या ॲम्बॅसडरलाही चारी ड्रमच. त्यात नवं दमदार इंजिन चढवायचं आणि ब्रेक मूळचेच ठेवायचे, हा प्रकार मी रोज बघतो. चोर्ल्याचा घाट उतरताना इंजिनाचा दम काही कामाला येत नाही.

गाडी चालू न करता सुरुवात पेडलपासून करा. पेडल घट्ट दाबून मिनिटभर धरा. हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठंच गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलच्या दाबानं ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरचं, बकेट (आतलं रबरी वॉशर) गेलंय. स्पंजासारखं दबत असेल तर लाइनीत एअर आहे. दोनचारदा मारल्यावर पेडल वर येत असेल तर शू ॲडजस्ट करायचे राहिलेत. सर्वो, म्हणजे इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालून पेडल हलकं करणारा डबा असलेल्या गाडीत इंजिन बंद ठेवून पेडल चारपाचदा मारा, दाबून धरा आणि मग इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर सर्वो ठीक. जागचं हललं नाही तर आधी व्हॅक्यूमचा पाइप तपासा, तोच फाटलेला असतो. सर्वोच्या खर्चाचं त्यानंतर बघू.

मग ड्रम उघडायचा. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेच्या पाइपनं धूळ उडवू नका. ओल्या फडक्यानं पुसा, फडकं टाकून द्या. शू बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी नखानं जरा उचला. आत ओल दिसली तर ते बदलायलाच पाहिजे. लायनरला ऑइल लागलं असेल तर पेट्रोलनं धुऊन परत बसवणारे आहेत, पण तो लायनर पहिल्या उतारावर तापला की ऑइल परत वर येतं. त्या ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे शू बदला. एकाच बाजूचे बदलले की ब्रेक मारल्यावर गाडी ओढणार.

ड्रमला आतून बोट फिरवा. कडेला ओठ तयार झाला असेल किंवा चर पडले असतील, तर बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेथवर द्यायचा. या बाबतीत बेळगावकर नशीबवान. फाउंड्री आणि लेथ इतके आहेत की दुपारी दिलेला ड्रम संध्याकाळी हातात. ओळखीचा लेथवाला कानडी माणूस आहे. कट घेता घेता मध्येच मशीन बंद करून "साकु री", म्हणजे पुरे, म्हणाला की मी पुढं एक शब्द बोलत नाही. मूळ मापापेक्षा व्यास साधारण दीड मिलिमीटरपर्यंत वाढलेला चालतो. ड्रमवर कमाल माप कोरलेलं असेल तर तेच धरायचं. त्याच्या पुढं ड्रम पातळ होतो, लवकर तापतो आणि तडकतो. एका ॲक्सलचे दोन्ही ड्रम एकाच मापाला आणायचे.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे रबरी होस, चाकाकडं ऑइल नेणारी लवचीक नळी. बाहेरून ठणठणीत, आतून फुगून भोक बारीक झालेलं. दाबलेलं ऑइल पुढं जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. वीसेक किलोमीटर फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक भाजत असेल तर ब्रेक तिथंच अडकतोय, आणि मी पहिला संशय त्या होसवर घेतो. गाडीचं वय माहीत नसेल तर सगळे होस बदला, पैसे फार लागत नाहीत. अमेरिकेत 1967 च्या मॉडेलपासून दोन सर्किटचे, म्हणजे ऑइलच्या दोन वेगळ्या वाटा असलेले, मास्टर सिलिंडर आले. तुमच्या गाडीत एकच सर्किट असेल तर एक होस फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट-3 प्रतीचं ऑइल नवं असताना 205 अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरल्यावर 140 लाच. डॉट-4 चे हेच आकडे 230 आणि 155. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात गाडी फिरत असेल तर मी दर दोन वर्षांनी ऑइल बदलतो. लाइनीतली एअर काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात. आपल्याकडं स्टिअरिंग उजवीकडं, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. ओढ्याचं पाणी ओलांडलं की पुढं थोडं अंतर ब्रेक हलका दाबून चालवा, ड्रम वाळतात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढू नका, शू ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगड लावा.

आता टायर. नक्षीवर जाऊ नका, वय बघा. बाजूच्या भिंतीवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडच्या शेवटी चार आकडे असतात. 3219 म्हणजे 2019 सालातला बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर 2000 च्या आधीचा आहे, हातसुद्धा लावू नका. हौसेच्या गाड्या कमी फिरतात, नक्षी नव्यासारखी राहते आणि रबर मात्र कडक होऊन बारीक भेगा पडतात. सहा वर्षांनंतर दरवर्षी तपासा. दहाच्या पुढं मी कुणाच्या गाडीला ठेवत नाही, मालक रुसला तरी.

पद्मिनीचा मूळ टायर 5.20-14, ॲम्बॅसडरचा 5.90-15, दोन्ही नायलॉन, म्हणजे तिरक्या धाग्यांचे जुन्या पद्धतीचे. रेडियल घ्यायचा तर पूर्ण उंची जुळवा. 155/80 आर 14 (रुंदी मिलिमीटरमध्ये, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचांत) ची पूर्ण उंची साधारण 604 मिलिमीटर. रुंद दिसतो म्हणून 185/60 आर 14 घातला तर 578, म्हणजे चार टक्क्यांहून जास्त कमी. स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि गाडीचं पोट खड्ड्याला लागतं. एका ॲक्सलवर रेडियल आणि नायलॉन एकत्र कधीच नाही. तात्पुरतं दोन्ही वापरायला लागलं तर रेडियल मागं. जुन्या रिवेटच्या रिमवर ट्यूबलेसचा हट्ट नको, ट्यूब घाला.

एवढं झाल्यावर अलॉय. आधी नटांच्या भोकांचं वर्तुळ मोजा. चार भोकं असतील तर समोरासमोरच्या दोघांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पाच असतील तर शेजारच्या दोन भोकांमधलं अंतर गुणिले 1.701. फोर्ड मस्टँग व्ही-एटचं वर्तुळ 114.3 मिलिमीटर, शेवरोले कमॅरोचं 120.65. डोळ्याला फरक कळत नाही, पण जबरदस्तीनं बसवलं की नट ढिले होतात. रिम बाहेर काढून रुबाब आणला की बेअरिंगवर भार वाढतो, म्हणून ऑफसेट, म्हणजे नट बसतात तो भाग रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते अंतर, मूळच्या जवळच ठेवा. स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून आणि डिकीत चार माणसं बसतील एवढं वजन टाकून टायर कुठं घासतो का ते बघा.

जुनी डॉज किंवा प्लिमथ हाती आली तर डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असू शकतात. स्टडवर एल दिसला तर पाना उलटा फिरवा, नाहीतर स्टड मोडून हातात येईल. नट समोरासमोरच्या क्रमानं आवळा. नवीन अलॉय बसवल्यावर खानापूरला जाऊन या, पन्नासेक किलोमीटर होतात. चाकं गार झाली की परत एकदा पाना लावा.