आधी विस्तव होऊ द्या, मग जाळी ठेवा: कोळशा-लाकडावर शिजवताना या चुका टाळा

पहिल्यांदा अंगणात कोळशावर चिकन भाजलं तेव्हा तंगडीचं कातडं काळंठिक्कर पडलं आणि हाडाजवळचं मांस कच्चं राहिलं. मसाला छान मुरला होता, कोळसाही चांगला होता. चुकलं एवढंच की ज्वाळा उठल्याबरोबर मी जाळी ठेवली. उघड्यावरच्या स्वयंपाकातल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या घाईत असतं.

ज्वाळेवर शिजवायचं नसतं, शिजवायचं असतं निखाऱ्यांवर. ज्वाळा लवलवते, एका जागी जाळते आणि दुसरी जागा गार ठेवते. शिवाय पदार्थावर काजळी धरते. निखाऱ्यांची धग मात्र सगळीकडून सारखी लागते. कोळसा पेटल्यावर साधारण २० ते ३० मिनिटं थांबा. कडांपासून सुरू झालेली करडी राख सगळ्या तुकड्यांवर चढली आणि फटींतून लाल रंग दिसू लागला, की विस्तव तयार झाला. लाकूड असेल तर पाऊण ते एक तास लागतो, कारण कोळशातलं पाणी आणि धूर करणारे घटक तो बनतानाच निघून गेलेले असतात, लाकडातले मात्र आपल्यासमोर जळायचे असतात. खात्री करायची तर जाळीच्या वर वीतभर अंतरावर तळहात धरा. दोन-तीन सेकंदांत चटका बसला तर आच प्रखर आहे, पाच-सहा सेकंद हात टिकला तर मध्यम.

धूर डोळ्यात जातो, चव कडवट लागते

याचं कारण बहुतेक वेळा ओलं सरपण. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. ते उडून जाईपर्यंत आच वाढत नाही आणि लाकूड नुसतं धुमसत राहतं. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा. वाळलेल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. वाळलेल्याच्या टोकांना चिराही पडलेल्या असतात. दाट पांढरा धूर येत असेल तोवर पदार्थ जाळीवर ठेवू नका. धूर विरळ, निळसर झाला की ठेवा.

जुन्या खिडकीची चौकट, रंगवलेली फळी, प्लायवूड हे स्वयंपाकाच्या विस्तवात कधीच घालू नका. रंगातले, डिंकातले आणि कीड लागू नये म्हणून मुरवलेल्या रसायनांतले विषारी घटक धुरातून थेट अन्नावर बसतात.

पेटत नाही म्हणून रॉकेल

रॉकेलचा वास अन्नाला लागतो. पेट्रोलचा तर भडकाच उडतो, ते हातातही घेऊ नका. धुमसत्या कोळशावर कुठलंही इंधन ओतलं तर आग धारेवरून उलटी डब्यापर्यंत येऊ शकते. विस्तव पेटत नाही तो बहुधा हवेअभावी. कोळसा पसरून न ठेवता त्याचा ढीग करा, खाली कागद आणि बारीक काटक्या घाला, शेगडीचं खालचं दार उघडा आणि कालची राख आधी काढा. साचलेली राख हवेची वाट अडवते, हे मला फार उशिरा कळलं.

वरून करपतं, आत कच्चं राहतं

सगळ्या शेगडीभर निखारे पसरायचे नाहीत. सगळे एका बाजूला घ्या आणि दुसरी बाजू रिकामी ठेवा. प्रखर बाजूला पदार्थ खरपूस करून घ्यायचा आणि रिकाम्या बाजूला झाकणाखाली आतपर्यंत शिजू द्यायचा. ही एक सवय लागली तर बाकीचं निम्मं काम सोपं होतं. चिकन झालं की नाही हे रंगावरून ठरवू नका. सर्वांत जाड भागात, हाडाला न टेकवता, तापमापी खुपसा. ७४ अंश सेल्सिअस दिसलं की उतरवा. गूळ, साखर किंवा मध असलेला लेप शेवटच्या काही मिनिटांत लावा, तो फार लवकर जळतो.

चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारू नका. पाण्याने गरम चरबी आणि राख उडते. पदार्थ रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा.

सर्वांत घातक चूक

पाऊस आला म्हणून शेगडी घरात, गॅरेजमध्ये किंवा तंबूत नेऊ नका. विझत आलेली असली तरीही नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नसतो, वासही नसतो, त्यामुळे धूर दिसत नाही म्हणून धोका नाही असं समजू नका. खिडकी उघडी ठेवणंही पुरेसं नाही. डोकं जड झालं, मळमळलं, चक्कर आली तर तिथून सगळ्यांना लगेच मोकळ्या हवेत आणा आणि वैद्यकीय मदत बोलवा.

राखेचंही तसंच. ‘आगीतून उठून फुफाट्यात’ या म्हणीतला फुफाटा म्हणजे हीच गरम राख. वरून गार दिसते, पण आत निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो. वाळूत पुरलेले निखारे तर आणखी फसवे, अनवाणी पोरांचे पाय त्यावर पोळतात. राखेवर थोडं थोडं पाणी घालून काठीने ढवळा, सूं आवाज पूर्ण थांबू द्या. मग ती झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून भिंतीपासून लांब ठेवा. प्लास्टिकच्या बादलीत कधीच नको.