सोलापुरात राहून क्रिमिनॉलॉजी शिकायची तर

‘पोलीस व्हायचंय, म्हणून क्रिमिनॉलॉजी (गुन्हेगारीशास्त्र) घेतो’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. शिपाई भरतीला बारावी पास पुरते, उपनिरीक्षकाच्या एमपीएससीला कुठल्याही शाखेची पदवी चालते. भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची: पुरुषांना १६०० मीटर, महिलांना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची, त्यात अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. गुन्हा का घडतो याचा सिद्धांत तिथे कुणी विचारत नाही. वर्दीच हवी असेल तर पहाटेचं मैदान गाठा आणि पदवी आवडीच्या विषयात घ्या. गुन्हा कसा घडतो, कसा मोजला जातो, तपास कुठे फसतो हे समजून घेण्यात रस असेल, किंवा तुरुंग, परिविक्षा (प्रोबेशन), बालन्याय, पीडितांना मदत, वकिली, संशोधन यांत काम करायचं असेल, तर पुढे वाचा.

बारावीनंतर इथल्या इथे धरता येण्याजोगा रस्ता म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाच्या महाविद्यालयातून समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र घेऊन बीए. नंतर पदव्युत्तर शिक्षणासाठी बाहेर: मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याचा ‘क्रिमिनॉलॉजी अँड जस्टिस’ हा अभ्यासक्रम, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी आणि फोरेन्सिक सायन्सचा विभाग, गांधीनगरला राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ. ज्यांना शहर सोडणं शक्य नाही त्यांनी दयानंद विधी महाविद्यालयात एलएलबी करावं आणि जोडीला इग्नूचा फौजदारी न्यायाचा पदव्युत्तर डिप्लोमा. ही जोडी दिसायला साधी, पण कामाला पक्की. प्राध्यापक व्हायचं असेल तर यूजीसी नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी हा स्वतंत्र विषय आहे.

फोरेन्सिक, म्हणजे प्रयोगशाळेत पुरावे तपासणं, ही वेगळी वाट, तिला विज्ञान शाखाच लागते. कला शाखेतून बीए करून ‘लॅबमध्ये जाईन’ असं ठरवणाऱ्यांची निराशा होते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, गांधीनगरला राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ. ‘सहा महिन्यांत डिटेक्टिव्ह’ छापाच्या जाहिरातींवर एकच तोडगा: प्रमाणपत्रावर कोणत्या विद्यापीठाचं नाव येणार ते विचारा आणि ते नाव यूजीसीच्या यादीत शोधा. सापडलं नाही तर फी भरू नका.

आता खरा अभ्यास. आधी नोट्स तपासा. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. सीनियरकडून आलेल्या झेरॉक्समध्ये खून ३०२, फसवणूक ४२०, चोरी ३७९ असं असेल; नव्या न्याय संहितेत ती कलमं अनुक्रमे १०३, ३१८, ३०३. पण म्हणून जुनं फेकून देऊ नका. गुन्हा ज्या तारखेला घडला त्या तारखेचा कायदा लागतो, त्यामुळे जून २०२४ मधल्या खुनाचा खटला आजही ३०२ खालीच चालतो. दोन्ही आकडे शेजारी लिहिलेली पन्नासएक कलमांची वही स्वतःच्या हाताने करा.

कार्यपद्धतीतले बदल तर पाठच असावेत. हद्द कुणाचीही असो, फिर्याद कोणत्याही ठाण्यात घेतली पाहिजे, ही ‘झिरो एफआयआर’ आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आली. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही करावी लागते. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आतली शिक्षा असेल तर वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण त्याच संहितेच्या कलम १०५ ने सक्तीचं केलं. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, हे कलम १७६ मध्ये. मोबाइलमधला पुरावा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्राशिवाय न्यायालयात अडतो, आणि त्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा) लिहावी लागते. पेपरात बहुतेक जण प्रमाणपत्र लिहितात, हॅश विसरतात.

सिद्धांतांची यादी घोकण्यापेक्षा एफआयआर वाचायला घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार पोलिसांना एफआयआर संकेतस्थळावर टाकावे लागतात. महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर जिल्हा आणि ठाणं निवडलं की ते उघडतात. लैंगिक अत्याचार, पोक्सो वगैरे संवेदनशील प्रकरणं तिथे नसतात, हे ध्यानात ठेवा. नाहीतर ‘या ठाण्यात असे गुन्हेच नाहीत’ असा भलताच निष्कर्ष निघायचा. फौजदार चावडी, जेलरोड, विजापूर नाका यांपैकी एक ठाणं धरा आणि दुचाकी चोरीचे तीस एफआयआर काढा. मजकुराआधी रकाने बघा: गुन्हा कधी घडला, ठाण्यात खबर कधी आली, ठाण्यापासून अंतर आणि दिशा, उशिराचं कारण. मग तक्ता करा.

इथे एक नेहमीची चूक होते. गाडी रात्री दहाला लावली, सकाळी सहाला नव्हती. मुलं मधली वेळ धरून ‘रात्री दोन’ लिहितात. असे दहा एफआयआर झाले की तक्त्यात रात्री दोनला चोरांची जत्रा भरते, प्रत्यक्षात ती तुमच्या पेन्सिलीने भरवलेली असते. आठ तासांची शक्यता आठ भागांत वाटा, प्रत्येक तासाला एक अष्टमांश. सगळ्या नोंदींची तासवार बेरीज झाली की खरा चढउतार दिसतो. १९७९ मध्ये मांडलेला ‘रूटीन अ‍ॅक्टिव्हिटी’ सिद्धांत सांगतो की गुन्ह्याला तीन गोष्टी एका जागी लागतात: इच्छुक गुन्हेगार, सोपं लक्ष्य, राखणदाराचा अभाव. तक्ता हातात असला की ही ओळ वेगळी पाठ करावी लागत नाही.

आकडेवारीत सोलापूरची खास गोची आहे. शहराला पोलीस आयुक्तालय, बाकी जिल्ह्याला पोलीस अधीक्षक, म्हणून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या जिल्हावार तक्त्यात दोघांची नोंद वेगळी येते. २०११ च्या जनगणनेत जिल्हा ४३,१७,७५६ आणि शहर ९,५१,५५८. समजा शहरात एका प्रकारचे २०० गुन्हे आहेत. शहराच्या लोकसंख्येने भागलं तर लाखामागे २१, चुकून जिल्ह्याच्या लोकसंख्येने भागलं तर ४.६. प्रबंधाचा निष्कर्षच उलटा होतो. शिवाय एका एफआयआरमध्ये चार कलमं असली तरी त्या अहवालात सर्वांत गंभीर एकच मोजलं जातं. आणि नोंद वाढली म्हणजे गुन्हा वाढला असं नव्हे. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा हेल्पलाइन क्रमांक आला की तक्रारी वाढणारच. (सोलापूरकराला १९३० म्हटलं की आधी त्या वर्षी शहरात लागलेला मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, आठवतो, पोलीस इतिहासाच्या पेपराला तोही विषय उत्तम आहे.)

प्रबंधाचा विषय शोधत दिल्लीपर्यंत जायची गरज नाही. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणाऱ्या, १८७१ मध्ये पहिल्यांदा आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलेली सेटलमेंट याच शहरात होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, शिक्का मात्र राहिला. ‘लेबलिंग’चा सिद्धांत (समाजाने मारलेला शिक्काच माणसाला गुन्ह्याकडे ढकलतो) समजायला इतकं थेट उदाहरण क्वचितच मिळेल. मात्र एक ठरलेली चूक टाळा: ‘जन्मजात गुन्हेगार’ ही इटलीच्या लोंब्रोसो या गुन्हेगारीतज्ज्ञाची मांडणी १८७६ ची, कायदा त्याच्या पाच वर्षं आधीचा, तेव्हा कायदा लोंब्रोसोवरून आला असं लिहू नका. हातभट्टी गाळणाऱ्या कुटुंबांना दुसरा रोजगार देण्यासाठी ग्रामीण पोलिसांनी २०२१ मध्ये हाती घेतलेलं ‘ऑपरेशन परिवर्तन’ त्याच धाग्यात तपासता येईल. पोलीस अधिकाऱ्यांचं म्हणणं जितकं घ्याल तितकंच त्या कुटुंबांच्या तांड्यावरचंही घ्या, नाहीतर प्रबंधाचं प्रसिद्धीपत्रक होतं.

मुलाखतीला जाताना भाषा बघा. शहराच्या पूर्व भागात प्रश्नावली मराठीत वाचली तर उत्तरं ‘हो-नाही’वर थांबतात, तेलुगू बोलणारा वर्गमित्र सोबत न्या, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड. नावं, घर क्रमांक, फोटो प्रबंधात नकोत. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, ‘अभ्यासासाठी’ ही सबब चालत नाही.

महिन्यातून दोन दिवस जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर बसा. फौजदारी खटले खुले असतात, ‘इन कॅमेरा’, म्हणजे बंद दाराआड चालणारं, प्रकरण पुकारलं की मात्र उठायचं. पंचाची उलटतपासणी ऐका. पंच फितूर होतो, मुद्देमालाचं सील आणि पंचनाम्यातलं वर्णन जुळत नाही, जप्तीची वेळ स्टेशन डायरीशी भांडते. तपास कुठे फसतो ते इथे कळतं.

ठाण्यात बसायचं असेल तर विभागप्रमुखांच्या पत्रासह अर्ज करा, शहरासाठी पोलीस आयुक्तांकडे, तालुक्यांसाठी पोलीस अधीक्षकांकडे. सोबत ओळखपत्राची प्रत, प्रश्नावली आणि नेमक्या तारखा जोडा. जानेवारीत गड्ड्याची यात्रा, आषाढीला पंढरपूर, पुढे गणपती. तेव्हा अख्खं दल बंदोबस्ताला असतं, मुलाखत मागू नका. बंदोबस्त हाच विषय असेल तर हेच दिवस सोन्याचे, पण अर्ज महिनाभर आधी द्या. आकडे हवे असतील तर माहिती अधिकार: १० रुपये शुल्क, उत्तराला ३० दिवस, राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो १५० शब्दांच्या आत. चालू तपासाची कागदपत्रं मागितली तर नकार येऊ शकतो. वर्षवार, ठाणेवार संख्या मागा. आणि अर्ज टपालात टाकून मोकळे होऊ नका, आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.